बोट रत्नागिरीला, यादी नागपूरला

कोजागिरी झाली की मी ही यादीची वही काढते. आमची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट पावसाळाभर रत्नागिरीजवळच्या एका यार्डात टेकूंवर उभी असते, आम्ही दोघं नागपुरात, आणि मधे आठशेच्या वर किलोमीटर. तिथे पोचल्यावर "अगं, ते राहिलंच" म्हणायची सोय नाही. म्हणून यादीचा क्रम असा, की जे समुद्रात बिघडलं तर आपण हतबल होतो ते आधी लिहायचं. शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, "तिकडे खाता काय जी?" खाणं चौथ्या पानावर आहे.

पहिल्या ओळीवर इंपेलर. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप असतो, त्यातलं हे रबरी चाक, तळहातात मावेल एवढं, सहा पाकळ्यांचं. दोन वर्षांपूर्वी दाभोळहून निघताना पाणी आत घेणारा कॉक उघडायला मी विसरले. कोरड्या पंपात रबर लगेच जळतं. झाकण उघडलं तर दोन पाकळ्या शिल्लक. नवं चाक बसवून सुटता येत नाही, कारण तुटलेले तुकडे पुढच्या पाइपात जाऊन बसतात आणि पाणी अडवतात. तीन सापडले. चौथ्यासाठी ह्यांनी पाइप सोडवला, मी टॉर्च धरून बसले, आणि दुपार तिथेच गेली. तेव्हापासून यादीत दोन इंपेलर, झाकणाखालचे दोन कागदी गॅस्केट, बसवताना लावायला भांड्याच्या साबणाची छोटी बाटली, आणि दोरी बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर. शिवाय चावीला एक चिठ्ठी: "कॉक?" इंजिन सुरू केलं की आधी मागे वाकून धुराच्या नळीतून पाणी पडतंय का ते बघायचं, मग चहा. डिझेलचे फिल्टर, पट्टा, बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचे फ्यूज हे सगळं ओघाने आलंच.

नट-बोल्ट, शॅकल (दोऱ्या-साखळ्या जोडायच्या कड्या) आणि पाइपाचे क्लॅम्प नागपूरच्या इतवारी बाजारात स्वस्त मिळतात, पण इथे नागपूरकर फसतो. दुकानदार म्हणतो, "ताई, याले जंग लागतच नाही, लिहून देतो." त्याचं खोटं नाही, नागपुरात नाहीच लागत. साधं ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत महिन्याभरात चहाच्या डागांसारखं तपकिरी होतं. बोटीला ३१६ लागतं. लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. शिक्का असलेलं घ्यायचं, बिल घ्यायचं, आणि शिडाची वजनं पेलणारे तुकडे तरी इतवारीतून घ्यायचे नाहीत. जस्ताचे ठोकळेही यादीत आहेत. खाऱ्या पाण्यात धातू झिजतो तेव्हा प्रोपेलरऐवजी हा जस्त झिजतो. अर्ध्याच्या खाली आला की बदलायचा. मासेमार प्रोपेलरला पंखाच म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

पंख्यावरून आठवलं. दातेरी सुरी आणि पोहण्याचा गॉगल. हर्णैपासून मालवणपर्यंत जाळी इतकी असतात की रात्री चालायचं नाही हे आमचं ठरलेलं आहे. जाळं अडकलं तर इंजिन बंद, नांगर, मग कंबरेला दोरी बांधून एकानेच पाण्यात उतरायचं. आणि जाळं कापावं लागलं तर मालकाला शोधून पैसे द्यायचे; तो त्याचा रोजगार आहे.

कालनिर्णय विसरायचं नाही. भरती-ओहोटीचं पुस्तक बोटीवर असतंच, पण कोकणातला जुना हिशेब जास्त हाताशी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, म्हणून आत शिरायचं ते भरती चढत असताना. टेकलोच तर पाणीच उचलेल. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या चौपाटीवर वाढलेल्या माणसाला पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं हे डोक्यात बसायला वेळ लागतो. ह्यांना दोन मोसम लागले.

नांगराचा हिशेब वहीच्या आतल्या पानावर चिकटवलेला आहे. ओहोटीला तीन मीटर पाणी असेल आणि वर तीन मीटर भरती चढणार असेल, तर सहा धरायचं; त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, एक मीटर उंची मिळवायची. साखळी त्याच्या पाचपट सोडायची: सात गुणिले पाच, म्हणजे पस्तीस मीटर. आत्ता दिसतंय त्या पाण्यावर मोजली की पहाटे दोनला नांगर घसरतो. साखळीवर दर पाच मीटरला रंगाचा पट्टा यार्डातच मारून घ्यायचा, ऑइल पेंट आणि ब्रश नागपुरातून.

निघायची तारीख दिवाळीनंतरची. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, पण ती आपली तारीख नव्हे. नोव्हेंबरही पूर्ण भरवशाचा नाही. फयान वादळ २००९ च्या ११ नोव्हेंबरलाच आपल्या किनाऱ्यावर आलं होतं. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघायचा. हवा बसली की पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा. आम्ही पहाटे निघतो आणि दुपारी चारच्या आत नांगर टाकतो.

कागदपत्रांत नोंदणी, विमा, दोघांची आधारकार्डं, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. २००८ नंतर बंदरावर विचारपूस होते, ती व्हायलाच हवी. आपण आधी जाऊन सांगितलं की काम सोपं होतं. अमेरिकेतल्या भाच्याने दिलेलं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र घरीच कपाटात. परवान्याशिवाय ते आपल्याकडे वापरणं गुन्हा आहे. बोटीचा व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये. संकटाच्या लाल ज्योती बोटीवरच राहतात, त्यांची मुदत तेवढी तपासायची.

आता काकूंचं उत्तर. भिवापुरी मिरचीचं तिखट, सावजी मसाला, सांडगे, कुरडया, चण्याच्या डाळीचं पीठ. मासे तिथे मिळतात, पण रस्सा आपलाच हवा. आंबिया बहाराची संत्री कडक बघून दोन पेट्या. जाळीच्या पिशवीत टांगली तर बरीच टिकतात, पेटीत ठेवली तर एक सडलेलं सगळ्यांना घेऊन जातं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दोघांत मिळून रोज आठ लिटर धरायचं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून दर वेळी सिलिंडरवरची चावी बंद. मळमळीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. ह्यांना सांगून उपयोग नाही, म्हणून मीच देते.

शेवटचं पान घराचं. कूलरचं पाणी काढणं, मुख्य गॅस बंद, तुळस काकूंकडे. बहिणीकडे रोजच्या मुक्कामाचा कागद: आज जयगड, उद्या विजयदुर्ग, आणि रात्री आठपर्यंत माझा मेसेज नाही आला तर मला नव्हे, १५५४ ला फोन करायचा. गेल्या वर्षी ती म्हणाली, "मी काय सांगू त्याले, बहीण बोटीत फिरून राहिली म्हणून?" तेव्हापासून त्या कागदावर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, पांढरा रंग, निळा पट्टा, माणसं दोन, असं मोठ्या अक्षरात लिहून देते.