कीबोर्ड टाकून देण्यापूर्वी : शॉर्टकट वापरणाऱ्यांनी या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर परिसरात संगणकावर बसणाऱ्यांच्या हातांना उसंत राहत नाही. ऊसबिले, काटापट्ट्या, तोडणी-वाहतुकीचे हिशेब हे सारे एकाच वेळी अंगावर येते आणि नेमक्या याच दिवसांत राजारामपुरीतील आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ‘बिघडलेले’ कीबोर्डही जास्त येऊ लागतात. त्यांपैकी बऱ्याच कीबोर्डांना काहीही झालेले नसते. घाईत दाबल्या गेलेल्या एखाद्या कीमुळे विंडोजची किंवा एक्सेलची कुठलीतरी सोय चालू झालेली असते आणि ती आपल्याच हाताने चालू झाली हे दाबणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याला शॉर्टकटची सवय अधिक, त्याच्याकडून असे होण्याची शक्यताही अधिक. त्यामुळे नवख्यांपेक्षा सराईत लोकच या तक्रारी घेऊन येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सर्वांत फसवी तक्रार म्हणजे ‘कीबोर्ड मेला’ ही. उजवी शिफ्ट की आठ सेकंद दाबून धरली की विंडोज ‘फिल्टर कीज’ ही सोय चालू करायची का, असे विचारते. ज्यांच्या हातांना कंप आहे किंवा ज्यांच्याकडून एकच की पुन्हा पुन्हा दाबली जाते, त्यांच्यासाठी ही सोय केलेली आहे; म्हणून ती चालू असताना ओझरता स्पर्श मोजलाच जात नाही. विचार करता करता उजव्या शिफ्टवर बोट टेकवून बसणारा माणूस समोर आलेला प्रश्न न वाचता एंटर दाबतो आणि त्यानंतर भराभर टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटेनासे होते. अशा वेळी नवा कीबोर्ड आणण्यापूर्वी एखादी की सावकाश, मुद्दाम दाबून धरून पाहावी. अक्षर उशिरा का होईना उमटले, तर उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरल्याने काम भागते. शिफ्ट सलग पाच वेळा दाबल्यावर येणाऱ्या ‘स्टिकी कीज’चीही (शिफ्ट, कंट्रोलसारखी की धरून न ठेवता एकदाच दाबून चालवण्याची सोय) गोष्ट तीच आहे. विंडोज + यू दाबून उघडणाऱ्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर या दोन्हींचे शॉर्टकट बंद करता येतात. मात्र संगणक अनेकांच्या वापरातील असेल तर आधी विचारून घ्यावे, कारण या सोयीची खरोखर गरज असलेला सहकारी त्याच खुर्चीवर दुसऱ्या पाळीला बसत असू शकतो.

एक्सेलमध्ये अशीच दोन भुते आहेत. बाणाची की दाबल्यावर निवडलेला सेल हलण्याऐवजी सगळी शीटच सरकू लागली, तर स्क्रोल लॉक चालू आहे असे समजावे. पुष्कळ लॅपटॉपवर ही की नसतेच. तेथे विंडोज + कंट्रोल + ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा आणि त्यातून ते बंद करावे. दुसरे भूत अधिक घाबरवणारे आहे. बिलाच्या शीटमधील आकडे अचानक नाहीसे होऊन सगळीकडे सूत्रे दिसू लागतात, रकाने रुंद होतात आणि फाइल बिघडली असे वाटते. प्रत्यक्षात कंट्रोलबरोबर एस्केपच्या खालची, १ च्या डावीकडची की दाबली गेलेली असते. तोच जोड पुन्हा दाबला की आकडे परत येतात. माझ्या माहितीतील एका लेखनिकाने या अवस्थेत घाबरून पूर्ण शीट नव्याने भरली होती.

एफ२, एफ४ या की एकाएकी आवाज वा प्रकाश कमी-जास्त करू लागल्या, तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबून फंक्शन लॉक बदलता येतो.

सराईतांची खरी मोठी चूक वेगळीच आहे. एका सॉफ्टवेअरमधील शॉर्टकट दुसऱ्यातही तेच काम करतो असे हात गृहीत धरतो. शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानांत वर्षानुवर्षे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसणाऱ्या दिवाणजींचे उदाहरण घ्यावे. टॅलीत कंट्रोल + ए म्हणजे व्हाउचर मान्य करून जतन करणे. तोच हात वर्डमध्ये पत्र लिहून झाल्यावर सवयीने कंट्रोल + ए दाबतो, सगळा मजकूर निवडला जातो आणि पाठोपाठ एंटर पडला की पत्र पुसले जाते. लगेच कंट्रोल + झेड दाबल्यास ते परत मिळते. पण घाबरून आधी फाइल जतन करून बंद केली, तर कोऱ्या पानाखेरीज हाती काही राहत नाही. कंट्रोल + वजा हा जोडही असाच आहे, कारण ब्राउझरमध्ये तो पान लहान करतो आणि एक्सेलमध्ये मात्र निवडलेली ओळ काढून टाकतो.

मागे जाण्याच्या सोयीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. एक्सेलमध्ये एकापेक्षा जास्त वर्कबुक उघडी असतील तर कंट्रोल + झेडने मागे घ्यायच्या कृतींची यादी सामायिक असते, त्यामुळे समोरच्या फाइलमधील चूक दुरुस्त करताना मागच्या फाइलमधील बरोबर नोंद उलटू शकते. मॅक्रो (अनेक कृती एका दमात करणारी नोंदवलेली आज्ञावली) चालवल्यावर तर आधीची यादी बहुधा पुसलीच जाते. म्हणून मॅक्रो चालवण्यापूर्वी फाइलची वेगळी प्रत ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांच्या अडचणी याहून गुंतागुंतीच्या आहेत. इनस्क्रिप्ट ही १९८६ मध्ये ठरलेली सरकारी मांडणी डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने देते, तर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्यांच्या बोटांत जुन्या टाइपरायटरची मांडणी मुरलेली असते. एकाच संगणकावर दोन्ही मांडण्या आणि शिवाय इंग्रजी ठेवली की गोंधळ अटळ होतो. आल्ट + शिफ्ट दाबून भाषा बदलते. आल्ट आणि शिफ्ट वापरून दुसराच शॉर्टकट द्यायला हात गेला, मध्येच विचार बदलला आणि बोटे उचलली, तरीही भाषा बदललेली असते. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांनी प्रगत कीबोर्ड सेटिंगमधून आल्ट + शिफ्टची नेमणूक काढून टाकावी आणि भाषा बदलण्यासाठी फक्त विंडोज + स्पेस ठेवावे, कारण त्यात पडद्यावर यादी दिसते आणि आपण कुठे आहोत ते कळते.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर आमच्या जिल्ह्यात दिवसातून शंभरदा टाइप होत असेल आणि तोच सर्वाधिक चुकतो. साधा र, हलन्त आणि या असे क्रमाने दाबले की ‘शेतकर्यांना’ असे रफार चढलेले रूप उमटते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट + जे दाबून ऱ घ्यावा, मग डी दाबून हलन्त द्यावा आणि त्यानंतर य टाइप करावा. काही जण साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून हेच रूप साधतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी रूपे आहेत. एका यादीत ‘कऱ्हाड’ एका रीतीने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या रीतीने लिहिलेले असेल, तर व्ही-लुकअपला (एका यादीतील नोंद दुसऱ्या यादीत शोधणारे एक्सेलचे सूत्र) ते गाव सापडत नाही आणि दोष सूत्राला दिला जातो. कार्यालयात कोणती रीत वापरायची हे आधीच ठरवून घ्यावे. युनिकोड ही संगणकांची सामायिक अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराबाबत तर शोधाची अपेक्षाच धरू नये. त्यात अक्षरे मुळात इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात आणि फॉन्ट बदलताच ते उघड होते. असा मजकूर रूपांतरित केल्यावर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीतच.

विंडोज + व्ही दाबून मिळणारी क्लिपबोर्डची यादी अत्यंत उपयोगी आहे. मागे कॉपी केलेल्या २५ पर्यंत नोंदी ती जपून ठेवते. पण कॉपी केलेला पासवर्ड किंवा खाते क्रमांकही त्यात राहू शकतो. सामायिक संगणकावर ती वापरायची असेल तर उठताना यादी रिकामी करावी.

आता खऱ्याखुऱ्या बिघाडाविषयी. स्वस्त कीबोर्डमध्ये की जाळीसारख्या ओळी-स्तंभांत जोडलेल्या असल्यामुळे तीन की एकत्र दाबल्यावर तिसरी कधी कधी नोंदवलीच जात नाही. एखादा शॉर्टकट नेमका चालत नसेल तर डाव्याऐवजी उजवी कंट्रोल किंवा शिफ्ट वापरून पाहावी. चहा सांडल्यास तार ताबडतोब काढावी. लॅपटॉप असेल तर पॉवर बटण दाबून धरून तो आधी बंद करावा आणि उलटा ठेवावा. शिवाजी उद्यमनगरात एक चूक हमखास दिसते. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर असतोच, तेव्हा त्याच्या हवेने कीबोर्ड झटकला जातो. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असतात आणि दाबामुळे कीवरच्या टोप्याही उडून जातात. कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटावा, मऊ ब्रशने फटी साफ कराव्यात आणि फाउंड्रीच्या बारीक काळ्या धुळीसाठी रात्री त्यावर कापड टाकून जावे.