एल्कसाठी लांब पल्ल्याची रायफल : कॅलिबर निवडताना या चुका टाळा

कोलोरॅडो किंवा वायोमिंगचा एल्कचा (अमेरिकेतलं मोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, हाती पडला की नवशिका दुकान गाठतो आणि कॅलिबरबद्दल (गोळीच्या व्यासाबद्दल) विचारतो, "सगळ्यात मोठं कोणतं?" इथेच गाडं बिघडतं.

न झेपणारं मॅग्नम (जास्त दारूचं, जोरकस काडतूस) घेणं. आठ पौंडांच्या रायफलीतून ३०० विन मॅगचा (विंचेस्टर मॅग्नम) खांद्याला बसणारा धक्का ६.५ क्रीडमूर या सौम्य काडतुसाच्या दुपटीहून जास्त असतो. बेंचवर पहिल्या तीन गोळ्या इंचभरात बसतात. दहाव्या गोळीपर्यंत डोळा आधी मिटतो आणि चाप नंतर ओढला जातो. मग "झीरो झालंय की" (नेम जुळवून झालाय) म्हणत सराव बंद. ऑक्टोबरात दहा हजार फुटांवर, धापा टाकत, ४५० यार्डांवर कूस दाखवत उभ्या असलेल्या नरावर नेम धरला जातो. धक्क्याच्या धास्तीने मूठ आवळते आणि गोळी फुफ्फुसांऐवजी फूटभर मागे, पोटात जाते. एल्क पडत नाही. झाडीत शिरतो आणि मैलभर जाऊ शकतो. तोवर अंधार पडलेला असतो. कॅम्पवर निदान ठरलेलं : "कॅलिबर कमी पडलं." पुढच्या वर्षी हाच गृहस्थ त्याहून मोठं ३३८ घेऊन येतो!

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. मॅगझिन मित्राला भरायला द्या आणि खऱ्या काडतुसांत एक-दोन स्नॅप कॅप (न उडणारी नकली काडतुसं) मिसळायला सांगा. कॅप आली आणि नळी खाली डुचकली की चोर सापडला. मॅग्नमच्या एका बैठकीत दहा गोळ्या पुरेत. बाकी सराव पॉइंट २२ वर किंवा रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घरी नुसता चाप ओढून. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला लावायचा छिद्रांचा तुकडा) धक्का कमी होतो, पण कानांचं वाटोळं होतं, शेजारच्याच्याही. वजनदार रायफल घेऊन धक्का कमी करायचा विचार असेल तर आयडाहोत १६ पौंडांची मर्यादा आहे.

आणि मोठं कॅलिबर वारा कापतं ही समजूत सोडा. समुद्रसपाटीला, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि ३०० विन मॅगची २०० ग्रेनची, अशा दोन्ही निमुळत्या गोळ्या साधारण १५ इंच सरकतात. मॅग्नम ऊर्जा देतं, वाऱ्याचा अंदाज देत नाही.

नळीच्या तोंडाशीच ऊर्जा मोजणं. कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी किमान पॉइंट २४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड (ऊर्जेचं माप) मागतो. ही तळाची रेघ आहे, शिफारस नव्हे. शिकारी लोक गोळी लागते तिथे १५०० धरतात. त्या हिशेबाने १४३ ग्रेनचं क्रीडमूर ४०० यार्डांच्या अलीकडेच संपतं, तर २०० ग्रेनच्या ३०० विन मॅगकडे ५०० वरही सुमारे २००० उरतात. ७ एमएम रेम मॅग (रेमिंग्टन मॅग्नम, १९६२) या दोघांच्या मधे बसतं आणि बहुतेकांना तेच पुरतं. ज्यांना ४०० च्या पुढे जायचंच नाही, त्यांनी १९०६ सालच्या ३०-०६ ला नाकं मुरडू नयेत.

गोळी उघडायला लागणारा वेग न पाहणं. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला १८०० ते २००० फूट वेग लागतो. त्याखाली त्या नीट फुलत नाहीत, बारीक भोक पाडून आरपार जातात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, बहुधा तांब्याचीच घ्यावी लागते, म्हणजे तिथे हा हिशेब चुकवताच येत नाही. खोक्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीवर मोजलेला असतो. तुमची २० इंची असेल तर दर इंचाला २५ फुटांच्या आसपास वजा करा, किंवा सरळ क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा.

नळीचा पीळ न तपासणं. १:१० पिळाचं (दहा इंच नळीत गोळीला एक फेरा) जुनं २७० हे १६५-१७५ ग्रेनच्या लांब गोळ्या स्थिर ठेवू शकत नाही.

३०० म्हटलं की कुठलंही ३०० उचलणं. विन मॅग आणि डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) वेगळी काडतुसं आहेत. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का, दोन्ही वाचा.

लायसन्सआधी खरेदी. एच-१बी वर असलेल्या आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेचा संघीय कायदा सहसा मनाई करतो, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद आहे. कोलोरॅडोत १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचं कार्डही लागतं. म्हणून आधी कार्ड, मग लायसन्स, रायफल त्यानंतर.