सोलर पॉवर बँक, एमपी३ प्लेअर, छोटा रेडिओ: बिघाड समजण्याआधी या चुका टाळा

कमी किमतीचं छोटं उपकरण ‘बंद पडलं’ म्हणून बाजूला टाकलं जातं, तेव्हा अनेकदा त्यातला एकही भाग जळालेला नसतो. पॅनेलकडून त्याच्या कुवतीबाहेरची वीज मागितलेली असते, कार्ड प्लेअरला वाचताच येत नाही अशा पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, नाहीतर केबलच चुकीची असते. खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. म्हणून उपकरण उघडण्याआधी किंवा नवं घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

सोलर पॉवर बँक फक्त उन्हावर भरायला जाणं

सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते, आणि ती टाळायला थोडं गणित पुरतं. १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे एकूण साठा ३७ वॉट-तास. पाठीवरचं पॅनेल साधारण १४ बाय ७ सेंटीमीटरचं. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. एवढ्याशा पॅनेलच्या वाट्याला त्यातले जेमतेम १० वॉट येतात, आणि त्यांची १५ ते २० टक्केच वीज होते. हाती लागतात दीड ते दोन वॉट. ३७ ला १.५ ने भागा: २५ तास. चार्जिंगमधला तोटा धरला तर ३० तासांच्या आसपास. दिवसाला पाच तास कडक ऊन मिळालं तरी पॉवर बँक पूर्ण भरायला सहा दिवस लागणार.

त्यामुळे पॉवर बँक भिंतीवरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्यायची आणि पॅनेलकडे अडीनडीची सोय म्हणून बघायचं. पॅनेलशेजारचा बारीक दिवा लागला म्हणजे चार्जिंग जोरात चाललंय, असं मुळीच नाही. पॅनेलवर उजेड पडतोय एवढंच तो सांगतो.

ऊन वापरायचंच तर नीट वापरा. खिडकीच्या काचेमागे ठेवू नका. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली दोरीची किंवा फांदीची सावलीसुद्धा सगळ्या पॅनेलची वीज बरीच खाली आणते. कोन जमवायची सोपी युक्ती अशी: पॅनेलच्या पृष्ठभागावर एक पेन्सिल काटकोनात उभी धरा आणि पेन्सिलची सावली जवळजवळ नाहीशी होईपर्यंत पॅनेल तिरकं करत जा. तासाभराने पुन्हा फिरवा, कारण सूर्य सरकलेला असतो.

आणि उष्णता. लिथियम सेल साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायचा असतो, पण इथे पॅनेल आणि सेल एकाच काळ्या डबीत बंद. ती तासन्‌तास उन्हात राहिली की आतलं तापमान ही मर्यादा सहज ओलांडतं आणि सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर ती कधीच ठेवू नका. प्रवासात खरोखर उन्हावर अवलंबून राहायचं असेल तर १० ते २० वॉटचं घडीचं पॅनेल वेगळं घ्या, साधी पॉवर बँक त्याच्या मागच्या सावलीत ठेवा आणि फोन रात्री पॉवर बँकेवर लावा. फोन थेट पॅनेलला जोडला तर ढग आला की प्रवाह पडतो, आणि ढग सरकल्यावरही बरेच फोन पूर्ववत वेगाने चार्ज होत नाहीत. केबल काढून पुन्हा लावावी लागते.

एमएएचच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास

प्रामाणिक पॉवर बँकही छापलेली सगळी क्षमता बाहेर देत नाही. ३.७ चे ५ व्होल्ट करताना १०,००० चे ७,४०० एमएएच होतात, आणि सर्किटचा तोटा वजा जाता साधारण ६,३०० ते ६,६०० उरतात. ही फसवणूक नाही. खोटा आकडा मात्र वजनात पकडता येतो. पॉवर बँकेत वापरला जाणारा १८६५० प्रकारचा गोल सेल अंदाजे ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि त्यात फार तर ३,५०० एमएएच मावतात. म्हणजे २०,००० एमएएचला किमान सहा सेल, नुसत्या सेलचंच वजन २७० ग्रॅमच्या वर. अख्खी पॉवर बँक १५० ग्रॅम भरत असेल तर आकडा खोटा आहे, मग ती कितीही देखणी असो.

प्लेअरला दोष, चूक मात्र कार्डाची

स्वस्त एमपी३ प्लेअर आणि कार्ड घालायचे स्पीकर बहुधा कार्डावर फाइली मांडायची फॅट३२ ही पद्धतच ओळखतात. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं कारखान्यातून एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, म्हणून ‘कार्ड नाही’ असा संदेश दिसतो. ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड घेणं हा सरळ मार्ग.

पहिली काही गाणी नीट वाजतात, पुढची अडखळतात किंवा शून्य आकाराची दिसतात, तर कार्ड बनावट असण्याची शक्यता दाट. ८ जीबीच्या कार्डाला आतून ६४ म्हणवून घ्यायला लावलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. गाणी भरण्याआधी रिकामं कार्ड विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ या मोफत सॉफ्टवेअरने तपासा. ते अख्खं कार्ड लिहून परत वाचतं. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर ३२ जीबी लिहायलाच पाऊण-एक तास जातो, मग वाचन वेगळं. तेवढा वेळ जाऊ द्या.

गाण्यांचा क्रम ही दुसरी नेहमीची कटकट. पुष्कळ प्लेअर नावानुसार वाजवत नाहीत. कार्डावर फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने वाजवतात. त्यात संगणकावर सगळी गाणी निवडून ओढताना ज्या फाइलवर माउस पकडलेला असतो, तीच अनेकदा आधी कॉपी होते. यावर उपाय असा:

१. फाइलींना ०१, ०२, ०३ असे दोन अंकी क्रमांक द्या. नुसते १, २ दिले तर नावानुसार लावणारे प्लेअर १ नंतर १० घेतात.
२. फोल्डर रिकामा करून फाइली नावानुसार लावा, सगळ्या निवडा आणि पहिल्याच फाइलवर पकडून ओढा.
३. तरीही क्रम चुकला तर फॅटसॉर्टसारखं साधन वापरून कार्डावरची यादीच नव्याने लावून घ्या.

मॅकवरून कॉपी केल्यावर प्रत्येक गाण्याआधी प्लेअर क्षणभर थबकत असेल, तर कार्डावर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली साचल्या आहेत. प्लेअर त्यांनाही गाणी समजतो. त्या पुसा.

फाइलच्या नावाची शेपटी बदलून एम४एचं एमपी३ होत नाही. खरोखर रूपांतर करावं लागतं. बोललेल्या मजकुराला ६४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पुरतात, गाण्यांना १९२ ठेवा. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर प्लेअरमध्ये तो फॉन्टच नसतो, त्यामुळे कार्ड कितीही वेळा फॉरमॅट केलं तरी फरक पडणार नाही. प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसत असतील तर गाण्याचं नाव, गायक वगैरे माहितीचा टॅग आयडी३ च्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ या अक्षरलेखन पद्धतीत जतन करून बघा. आणि प्लेअर यादी बनवताना दरवेळी एकाच टप्प्यावर गोठत असेल तर एखादी खराब फाइल आडवी आलेली असते. अर्धी गाणी काढा. चाललं तर खराब फाइल काढलेल्या अर्ध्यात आहे. असं निम्मं-निम्मं करत गेलात तर हजार गाण्यांतूनही दहा फेऱ्यांत ती सापडते.

केबल आणि चार्जर

सी-टू-सी (दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली) केबल लावली की चार्ज होत नाही, जुन्या चपट्या यूएसबी-एच्या केबलने होतं? उपकरण खराब नाही. उपकरणाच्या सी पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (रोधक) लागतात, ते बनवणाऱ्याने वाचवलेले असतात, आणि त्यांच्याशिवाय सी चार्जर वीज सोडतच नाही. ए-टू-सी केबलच वापरा. चार्ज होतं पण संगणकावर दिसत नाही, तर केबलमध्ये डेटाच्या तारा नाहीत. दुसरी लावून बघा.

पॉवर बँकेवर छोटा प्लेअर किंवा इअरबड लावले की अर्ध्या मिनिटात पुरवठा थांबतो, कारण इतका कमी प्रवाह पाहून पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. काही मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाचा मोड सुरू होतो.

बागेतले सोलर दिवे

नव्या दिव्याचं बटण चालू करायचं राहून जातं; बऱ्याच मॉडेलमध्ये ते बंद असेल तर बॅटरी चार्जच होत नाही. तपासणी सोपी आहे: दिवसा पॅनेलवर तळहात ठेवा, दिवा लागला पाहिजे. जवळ दुसरा प्रखर दिवा असेल तर रात्रीही तो लागणार नाही, कारण पॅनेललाच उजेड-अंधार कळतो.

आतली बॅटरी बदलताना मोठी चूक होते. जुन्यावर १.२ व्होल्ट निकेल-मेटल हायड्राइड लिहिलं असेल तर तसाच सेल घाला. साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल पॅनेल चार्ज करायला बघतं आणि तो फुटून गळतो. ३.२ व्होल्ट लिहिलं असेल तर ती लिथियम आयर्न फॉस्फेट, पूर्ण भरल्यावर ३.६५ व्होल्ट, तिच्या जागी ४.२ पर्यंत भरणारी ३.७ व्होल्टची बॅटरी बसली तरी घालू नका.

छोटे रेडिओ

बाहेर ओढायची दांडी नसलेल्या रेडिओत एफएमसाठी इअरफोनची वायर हाच अँटेना असतो; ब्लूटूथ इअरफोन लावून खरखर गेली नाही म्हणून सेट बदलू नका. मध्यम लहरींसाठी अँटेना आतल्या फेराइट दांड्यावर असतो. बाहेरची दांडी लांब करून उपयोग नाही, रेडिओच आडवा फिरवा. चार्जिंगला लावल्यावर आवाज घरघरत असेल तर चार्जर काढून ऐका.

ठेवून देताना

लिथियम बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. जुन्या सोलर कंदिलात किंवा टॉर्चमध्ये ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर नियम उलटा: ती पूर्ण भरूनच ठेवायची, रिकामी पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ती मरते. महिनोन्‌महिने पडून राहिलेला प्लेअर चालू होत नसेल तर साध्या ५ व्होल्ट, १ अँपिअर चार्जरवर अर्धा तास ठेवा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. झाकण वर उचललं गेलं असेल किंवा पाठ फुगलेली दिसत असेल, तर मात्र चार्जिंगला लावूच नका, टोचू नका, दाबून बसवू नका. जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा संकलन केंद्रात द्या.