रेशो नॉर्मल आला म्हणून 'रिस्ट्रिक्शन' लिहू नका

मिरजेत छातीच्या ओपीडीला नव्याने लागलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितोय: स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून केलेल्या फुफ्फुसाच्या तपासणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा. एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात आलेली हवा), एफव्हीसी (शेवटपर्यंत फुंकून आलेली एकूण हवा) आणि रेशो (एफईव्ही१ भागिले एफव्हीसी) वाचूनच आला असाल. ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) दिल्यावरही रेशो ०.७० च्या खाली तर ऑब्स्ट्रक्शन (श्वासनळ्यांत अडथळा), हे आठवड्यात जमतं. वयाबरोबर रेशो घटतो, म्हणून म्हाताऱ्या पेशंटमध्ये लोअर लिमिटही (त्या वयाच्या नॉर्मलची खालची हद्द) बघा.

घात पुढे होतो. एफव्हीसी कमी, रेशो नॉर्मल, आणि मशीनने खाली छापलेलं 'रिस्ट्रिक्शन' (फुफ्फुसात हवाच कमी मावते). ती ओळ हाताने झाकून ठेवा. जतहून पहाटेच्या एसटीने आलेल्या, जन्म चुलीपुढे काढलेल्या मावशी दोन-तीन सेकंद फुंकतात आणि सोडून देतात. एफईव्ही१ पहिल्या सेकंदातच मोजून झालेला असतो, त्याचं फारसं बिघडत नाही. मार खातो तो एफव्हीसी. समजा १.३५ आणि १.८० लिटर आले, तर रेशो ०.७५. त्याच मावशींनी शेवटपर्यंत फुंकलं आणि एफव्हीसी २.२० भरला, तर रेशो ०.६१. आजारच बदलला! म्हणून आकड्यांआधी व्हॉल्यूम-टाइमचा ग्राफ बघा. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी भर पडली पाहिजे, किंवा फुंकणं १५ सेकंद चाललं पाहिजे. दोन्ही नसेल तर त्या एफव्हीसीवर रेशो काढूच नका, पुन्हा फुंकायला लावा.

नीट फुंकूनही सीओपीडीत (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) हवा आत अडकते, तेव्हाही एफव्हीसी घटतो आणि रेशो कधी कधी नॉर्मल दिसतो. रिस्ट्रिक्शन ठरतं टीएलसीवर, म्हणजे पूर्ण श्वास घेतल्यावर फुफ्फुसात असलेल्या एकूण हवेवर. जी हवा बाहेर येतच नाही, ती स्पायरोमीटर कुठून मोजणार? त्याला बॉडी प्लेथिस्मोग्राफीसारखी (बंद केबिनमध्ये बसवून करायची) तपासणी लागते. ती सोय नसेल तर 'रिस्ट्रिक्शनची शक्यता' एवढंच लिहा.

डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) आयएलडीत (फुफ्फुसाच्या जाळीचे आजार) घटतो, तसा एम्फिसिमातही (हवेच्या पिशव्या फाटण्याचा आजार). पाठीच्या बाकामुळे रिस्ट्रिक्शन असेल तर केसीओ (हवेच्या दर लिटरमागे डीएलसीओ) बहुधा टिकतो.

घाबरू नका. मिक्स्ड पॅटर्न (ऑब्स्ट्रक्शन आणि रिस्ट्रिक्शन दोन्ही) दिसला की माझ्याही पोटात अजून गोळा येतो. पण मोबाइलवर फिरणारे 'पाच मिनिटांत पीएफटी' (फुफ्फुसाच्या तपासण्या) छाप तक्ते डिलीट करा. सिनियरच्या नोट्सपेक्षा जुन्या टेक्निशियनशेजारी स्टूल टाकून बसा. मराठी मावशीला 'फुंका, फुंका, सोडू नका' आणि सीमेपलीकडच्या कन्नड अज्जाला 'ऊदि, ऊदि' म्हणून ओरडणारा माणूस जे शिकवतो, ते राउंडवर मिळत नाही.

आणि हो, कवळी घट्ट बसत असेल तर काढायला लावू नका. ती काढली की ओठांची पकड सुटते आणि माउथपीसच्या बाजूने हवा जाते.