निवडणुकांच्या अभ्यासात यायचंय? सोलापुरातून काम करणाऱ्या बाईचा अनुभव

दर निकालानंतर ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, मॅडम इलेक्शन ॲनालिसिसमध्ये यायचंय, कोणता कोर्स करू, पुण्याला जाऊ का थेट दिल्ली गाठू. मी राज्यशास्त्रात एम.ए. इथंच सोलापुरात केलं, मग सर्व्हेची कामं धरली, आता थोडं शिकवणं आणि थोडं डेटाचं काम असं मिळून बरं चाललंय. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी डोक्यातलं ते गणित बाजूला ठेवा. लिंगायत इतके, पद्मशाली इतके, मुस्लिम इतके, दलित इतके, मराठा-धनगर इतके, मार बेरीज, काढ निकाल. सात रस्त्यावर चहाच्या गाड्याला कुणीही हे सांगतं, त्याला एम.ए. लागत नाही. जात, भाषा, धर्म मतदानात नाही असं मी म्हणतच नाही, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू चारही भाषा एका वॉर्डात ऐकू येणाऱ्या गावात असं कोण म्हणेल, पण तेवढ्यावर थांबलात तर पुढच्याच निवडणुकीत तोंडावर पडाल. कारण तोच माणूस लोकसभेला एक हिशोब करतो, विधानसभेला दुसरा आणि महापालिकेला तिसराच.

आपलंच बघा ना. सोलापूर लोकसभेत सहा विधानसभा येतात, मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर. जून २०२४ ला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे ७४ हजारांच्या आसपास मतांनी निवडून आल्या. नोव्हेंबरला त्याच सहापैकी पाच जागा भाजपनं घेतल्या आणि त्यात शहर मध्यसुद्धा, जिथून प्रणितीताई स्वतः तीनदा आमदार होत्या. फक्त मोहोळ शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडं गेलं. मधे गेले साडेपाच महिने, तेवढ्यात कुणाची जात बदलली का? मग बदललं काय ते शोधायचं. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात यायला लागले होते, शहर मध्यला काँग्रेस, एमआयएम आणि माकप तिघंही वेगवेगळे उभे होते, उमेदवार बदलले होते, मतदानाला बाहेर पडणारी माणसंही सगळी तीच नव्हती. यातलं कशाचं वजन किती हे सिद्ध करायला घाम गाळावा लागतो, टीव्हीवर बसून एका वाक्यात सांगणं सोपं.

आणि हे फक्त आपल्याकडं नाही. दिल्लीत २०१९ ला लोकसभेच्या सातही जागा भाजपला आणि फेब्रुवारी २०२० ला विधानसभेत आम आदमी पक्षाला ७० पैकी ६२. संघराज्य म्हणजे काय हे पुस्तकात केंद्रसूची राज्यसूची म्हणून पाठ करतो आपण, मतदाराच्या डोक्यात ते कसं असतं ते असे आकडे शेजारी ठेवले की दिसतं.

बेरजेवरून अजून एक. २०१९ ला सोलापूर लोकसभेत भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदेंवर साधारण १ लाख ५८ हजारांनी जिंकले आणि वंचितकडून प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार मतं पडली. झालं, सगळ्यांनी लगेच बेरीज करून 'वंचितनं पाडलं' लिहिलं. ती सगळीच्या सगळी मतं, वंचितचं कुणी उभं नसतं तर, काँग्रेसलाच गेली असती हे कशावरून? काही घरीच बसली असती, काही भाजपला गेली असती. परीक्षेत असं लिहिलं तर मी तरी मार्क कापते.

आता वाचायचं काय. रजनी कोठारींची 'काँग्रेस व्यवस्था' ही मांडणी १९६४ ची, ती समजून घ्याच, एक मोठा पक्ष आणि त्याच्या आतले गटच विरोधकाचं काम कसं करायचे ते त्यात आहे आणि आपल्या जिल्ह्यातले साखर कारखान्यांचे गट बघितलेल्या माणसाला ते पटकन कळतं. पण शेजारी सांगोला ठेवा. गणपतराव देशमुख शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) तिथून अकरा वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२ ला, म्हणजे काँग्रेस सगळीकडं असताना, आणि राज्यात शेकाप आटत गेला तरी सांगोल्यात टिकला, २०२४ ला परत आलासुद्धा. पक्ष, माणूस, दुष्काळ-पाण्याचं राजकारण, यातलं मत कशाला होतं? यावर एखाद्यानं नीट काम करावं असं मला फार दिवस वाटतंय, घ्या कुणीतरी विषय.

मग येतो फॉर्म २०. हे नाव लक्षात ठेवा, बूथनिहाय कुणाला किती मतं पडली त्याचा अधिकृत तक्ता, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतो. दिसायला भयंकर, तिरका स्कॅन केलेला, वर उमेदवारांची नावं उभी लिहिलेली, डावीकडं केंद्र क्रमांक, उजवीकडं 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'ची मतं आणि एकूण. तो हातानं एक्सेलमध्ये उतरवायचा. कंटाळवाणं आहे पण उतरवतानाच डोळे उघडतात, सलग दहा बूथ एकाच बाजूला आणि अकरावा उलटा दिसला की उठून तिथं जावंसं वाटतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. केंद्र क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात, एका केंद्रावर जास्तीत जास्त १५०० मतदार असायचे ते आयोगानं आता १२०० वर आणलंय म्हणजे केंद्रं अजून फुटणार, त्यामुळं मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवून पत्त्यावरून जुळवा, नंबरावरून नको. आणि दुसरं म्हणजे बूथ पद्मशाली वस्तीतला आहे म्हणून तिथली मतं पद्मशालींची, असं लिहू नका. बूथ काय झालं ते सांगतो, कुणी केलं ते सांगत नाही.

माळशिरसमधलं मारकडवाडी आठवत असेल, डिसेंबर २०२४ ला गावानं स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. तालुक्यात गावाच्या आवडीचाच उमेदवार जिंकला होता, तरी आपल्या बूथचा आकडा पटत नाही म्हणून गाव उठलं. बूथचा आकडा लोकांना किती जिव्हाळ्याचा असतो ते यावरून कळावं.

'कुणी केलं' यासाठी सर्व्हे. लोकनीतीसारख्या संस्था मतदार यादीतून ठरावीक अंतरानं नावं काढून त्याच माणसाला गाठतात, चौकात भेटेल त्याला पकडत नाहीत, आणि फील्डवर्कला बऱ्याचदा विद्यार्थीच असतात. संधी मिळाली तर सोडू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात एकदा यादीत नाव एका अक्कांचं होतं. मांडीवर सूप, विडीसाठी कात्रीनं पान कापणं चाललेलं, आणि उत्तरं द्यायला पुढं नवरा, तिला काय कळतंय ओ, मी सांगतो की, घ्या लिहून. अशा वेळी वाद घालायचा नाही. घरात टीव्ही आहे का, गाडी आहे का, घर भाड्याचं का स्वतःचं हे सगळे प्रश्न त्यांनाच विचारले, ते खूश, मग म्हटलं आता ही खोटी मतपत्रिका आहे ती नियमानं अक्कांनीच भरायची, मलाही दाखवायची नाही, घडी घालून पेटीत टाकायची. ते उठून कारखान्यावर गेले. अक्का तेलुगू-मराठी मिसळून बोलायला लागल्या, की वरच्या म्हणजे दिल्लीच्या निवडणुकीला मत एकाला दिलं, खालच्या म्हणजे आमदारकीला दुसऱ्याला, आणि नगरसेवक म्हणजे पाण्याचा माणूस, पाणी कधी सुटणार ते त्याला फोन केला की कळतं, त्याचा पक्ष कोणता ते त्यांना नक्की आठवेना. माझ्या फॉर्मवर 'मत कशावरून ठरवलं' याला चौकट एकच होती, पक्ष, उमेदवार, पंतप्रधान, इतर. 'इतर' टिक केलं आणि बाकीचं सगळं समासात लिहून आणलं. समासात लिहायची सवय लावून घ्या, शोधनिबंध तिथूनच निघतात.

प्रश्नावलीबद्दल अजून एक, 'राष्ट्रवादी' किंवा 'शिवसेना' असा पर्याय आता नुसता ठेवून चालत नाही, २०२२ आणि २०२३ च्या फुटीनंतर चिन्ह दाखवूनच विचारा, घड्याळ का तुतारी, धनुष्यबाण का मशाल. माढ्याच्या पट्ट्यात तर 'आमचे दादा जिकडं तिकडं आम्ही' असं सरळ सांगतात, त्याला पक्षनिष्ठा म्हणायचं का काय ते तुम्ही ठरवा.

पैशाचं पण बोलू. खाजगी सर्व्हे कंपन्या फॉर्ममागं पैसे देतात, रेट आणि प्रवासखर्च आधी लेखी घ्या. एका कंपनीनं आमच्या टीमला निकाल लागल्यावर फोन उचलणंच बंद केलं होतं. टपरीवर बसून फॉर्म भरणारे महाभाग भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, जीपीएस आणि उलटतपासणीच्या फोनमध्ये सापडतात आणि पूर्ण टीमचं काम रद्द होतं. पक्षांच्या प्रचाराच्या वॉर रूमच्या नोकऱ्यांत पगार चांगला पण मतदान झालं की घरी, शिवाय त्यात काम केल्यावर तुमचं विश्लेषण तटस्थ कुणी मानत नाही, हे आधी पचवा. शिकवायचं असेल तर नेट-सेट लवकर उरका, जागा निघायची वाट बघावी लागतेच, तोवर एक्सेलचे पिव्होट टेबल पक्के करा आणि मग आर किंवा एसपीएसएस ही आकडेवारीची सॉफ्टवेअर शिका. आणि मतदानाच्या टप्प्यांत एक्झिट पोलचे आकडे मित्रांच्या ग्रुपवर टाकायची खुमखुमी आवरा, शेवटचा टप्पा संपेपर्यंत ते छापायला-पसरवायला कायद्यानं बंदी आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ.

पुण्या-दिल्लीला जायचं तर जा, लायब्ररी तिकडं चांगल्या आहेत. जायच्या आधी आपल्या विधानसभेचे २०१९ आणि २०२४ चे फॉर्म २० तेवढे उतरवून घेऊन जा, शहर मध्य कुणी घेत असेल तर मला सांगा, माझ्याकडं केंद्रांचे पत्ते जुळवलेली शीट आहे, देते.