घरीच गाडीचं इंजिन ऑइल बदलायचंय? नागपूरकरांनो, हे वाचून घ्या

पहिले एक क्लिअर करून घेऊ, गाडी अजून वॉरंटीत असेल तर घरी हात लावू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या आणि बिल जपून ठेवा. हे सगळं मी सांगून राहिलो ते वॉरंटी संपलेल्या साध्या पेट्रोल गाड्यांसाठी, वॅगनआर, स्विफ्ट, आय10 अशा, ज्यात चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा) बोल्ट खालून दिसतो आणि ऑइल फिल्टरपर्यंत हात जातो.

बदलायचं कधी? बहुतेक मॅन्युअलमध्ये 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते, असं असते. पण पुढे सिव्हिअर कंडिशनचा वेगळा टेबल असते ते कोणी वाचतच नाही, त्यात धूळ, छोट्या छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये चालू गाडी उभी ठेवणं हे सगळं असते आणि तिथे आकडा बराच कमी दिलेला असते. आता मला सांगा, त्रिमूर्ती नगरहून बर्डीला जायचं, मधात प्रत्येक सिग्नलवर उभं राहायचं, आणि कुठे ना कुठे रस्ता खोदलेला, तर हे सिव्हिअर नाही तर काय आहे? छोट्या फेऱ्यांत ऑइल नीट तापत नाही, त्यामुळे त्यातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, आतच राहते, हिवाळ्यात तर जास्तच. अशी गाडी असेल तर मी 5,000 ते 6,000 ला बदलाच म्हणतो, किलोमीटर कमी झाले तरी वर्षाच्या वर ओढू नका. आणि समृद्धीवर निघायच्या आदल्या दिवशी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल पाहायची पट्टी, नक्की पाहा, तिथे 120 च्या लिमिटला गाडी तासन् तास एकसारखी पळते, ऑइल आधीच कमी असेल तर इंजिनचं काम होऊन जाते.

आता ऑइल कोणतं, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. आपल्याकडे कोणीही सांगते की भाऊ इथे उन्हाळ्यात 45 च्या वर जाते, पातळ ऑइल टिकणार नाही, जाड टाक, 20डब्ल्यू-50 टाक. नका टाकू. बाहेर नवतपा असो की डिसेंबरातली थंडी, गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा मिळून इंजिनचं कूलंट 90 डिग्रीच्या आसपासच ठेवतात, म्हणजे आतल्या ऑइलला बाहेरच्या उन्हाचा तुम्हाला वाटते तेवढा फरक पडत नाही. 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यूवाला आकडा थंड इंजिनमध्ये ऑइल किती लवकर वाहते त्याचा, आणि मागचा 30 हा 100 डिग्रीला किती जाड राहते त्याचा. कंपनीने इंजिनमधल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगचं मेकॅनिझम सगळं त्या आकड्याला धरून बनवलेलं असते. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-30 असेल तर तेच, 0डब्ल्यू-20 असेल तर तेच, आणि डब्यावर एपीआयचा ग्रेड (ऑइलच्या क्वालिटीचा) पाहा, एसएन, एसपी वगैरे, मॅन्युअलमध्ये सांगितलेला किंवा त्याच्या पुढचा चालते. डिझेलवाल्यांचं वेगळं आहे, बीएस6 गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याचं कमी राखेचं ऑइल येते, ते सोडून दुसरं टाकाल तर डीपीएफ चोक होते.

डबा ओळखीच्या दुकानातून, सील पाहून, बिल घेऊन घ्या. डुप्लिकेट ऑइल बाजारात भरपूर आहे आणि वरून काहीच कळत नाही. सोबत फिल्टर आणि चेंबरच्या बोल्टचा नवा वायसर घ्या. हा वायसर लहानसा असते म्हणून लोक जुनाच लावतात, पण तो दाबून बसायलाच बनवलेला असते, एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसेल याची गॅरंटी नाही आणि मग थेंब थेंब गळून राहते. बाकी सामान म्हणजे रिंग पाना किंवा गोटी पाना (बऱ्याच गाड्यांना 14 किंवा 17 नंबर लागते, आधी लावून पाहा), 5-6 लिटर मावेल असं घमेलं, नरसाळं, हातमोजे, जुने कपडे, आणि दोन जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड.

जॅक स्टँडवर मी अडून बसणार आहे. गाडीसोबत आलेला जॅक टायर बदलायला असते, त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही, एक मिनिटासाठी पण नाही. विटा, सिमेंटचे ब्लॉक हे पण नको, वजनाखाली कडकन फुटतात, आधी काही इशारा देत नाहीत. सपाट पक्की जागा पाहा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढून उचला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉइंटखाली दोन्ही स्टँड लावा, गाडी त्यांच्यावर उतरवा आणि हाताने चांगली हलवून पाहा. हलली तर परत लावा. उन्हाळ्यात अपार्टमेंटच्या पार्किंगमधला डांबरी भाग दुपारी नरम होते, स्टँडचे पाय त्यात रुततात, म्हणून काँक्रीटवरच करा. स्टँड नसतील तर हे काम तुमच्यासाठी नाही, गॅरेजमध्ये द्या, त्यात काही कमीपणा नाही.

वेळ सकाळी सहा-सातची बेस्ट. मे महिन्यात रात्रभर उभी असलेली गाडी पण आतून कोमटच असते, एक-दोन मिनिटं चालू केली तरी पुरते, हिवाळ्यात पाचेक मिनिटं चालवा. बाहेरून दूरवर फिरून आलेल्या गाडीला लगेच हात लावू नका, ऑइल इतकं तापलेलं असते की हात भाजते. गाडी उचलायच्या आधीच हे सगळं करून इंजिन बंद करा, आणि बोनेट उघडून वरचं ऑइलचं झाकण काढून ठेवा, हवा लागली की खालून लवकर निघते.

मग घमेलं बोल्टच्या थोडं पुढे ठेवा, कारण पहिली धार सरळ खाली नाही पडत, लांब उडते. बोल्ट रिंग पान्यानेच सैल करा, उघड्या तोंडाच्या पान्याने डोकं गोल होते आणि मग रडायची वेळ येते. पुढे बोटांनी फिरवा, फिरवताना बोल्ट वरच्या बाजूला दाबून धरा म्हणजे शेवटपर्यंत ऑइल येत नाही, आणि मग झटकन बाजूला ओढा. आता 15 मिनिटं निथळू द्या, घाई करू नका. तेवढ्यात बोल्ट पुसून पाहा, थोडी काळी राबडी चालते पण चकचकीत धातूचे कण दिसले किंवा ऑइल दुधाळ चहासारखं निघालं तर पुढचं थांबवा आणि मेकॅनिकला दाखवा, दुधाळ म्हणजे आत पाणी किंवा कूलंट गेलेलं असू शकते. नुसतं काळं आहे म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलमध्ये तर नवीन टाकलेलं पण लवकरच काळं होते.

नवा वायसर घालून बोल्ट आधी पूर्ण हातानेच बसवा. हाताने जात नसेल तर तिरका आहे, काढा, परत लावा. बऱ्याच चेंबर ॲल्युमिनियमच्या असतात, पान्याने जबरदस्ती केली की आटे जातात आणि मग आख्खी चेंबर बदलायचा खर्च. शेवटचं कसणं टॉर्क रेंचने (किती जोराने कसलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्यावर, रेंच नसेल तर छोट्या पान्याने घट्ट झाल्यावर थोडंसंच, पायाने दाबायचं वगैरे बिलकुल नाही.

फिल्टर काढला की इंजिनकडची बाजू बोट फिरवून पाहाच. जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी इंजिनला चिकटून राहते, त्याच्यावर नवा फिल्टर लावला तर दोन रबरं होतात आणि गाडी चालू करताच प्रेशरने सगळं ऑइल बाहेर. नव्याच्या रबराला बोटाने थोडं नवं ऑइल लावा, हाताने फिरवा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, बस. फिल्टरच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका. तुमच्या गाडीत डब्याऐवजी नुसता कागदी एलिमेंट असेल तर सोबतची ओ-रिंग पण बदला.

गाडी खाली सपाट उतरवून मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पाव-अर्धा लिटर कमीच भरा, झाकण लावा, चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. एक-दोन मिनिटं चालवून खाली वाकून बोल्ट आणि फिल्टरजवळ पाहा, मग बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून परत टाकून पाहा आणि थोडं थोडं करत वरच्या खुणेपर्यंत आणा. वरच्या खुणेच्या पुढे नको, जास्त ऑइलमध्ये क्रँक फिरून फेस होते. किलोमीटर आणि तारीख बोनेटच्या आतून स्टिकरवर लिहून ठेवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर ऑइलचे थेंब पडले का ते पाहा आणि लेव्हल एकदा परत.

आता जुनं ऑइल. हे नालीत टाकायचं नाही. आपल्या नाल्यांचं पाणी जाते नाग नदीत आणि पिवळी नदीत, तिथून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्द, जिथलं पाणी भंडाऱ्या-चंद्रपूरकडच्या शेतात जाते. तुमच्या घमेल्यातले तीन-चार लिटर या रस्त्याला लागू नयेत एवढी काळजी घ्याच. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही वापरलेलं ऑइल येते, म्हणजे ते साधा कचरा नाहीच. बांधकामावरचे लोक सेंट्रिंगच्या प्लेटला लावायला मागतात, कोणी वाळवीसाठी मागते, प्रेमाने नाही म्हणा, कारण पेट्रोल इंजिनच्या जुन्या ऑइलमध्ये कॅन्सर करणारी रसायनं असतात आणि ते रोज त्या मजुराच्याच हाताला लागून राहते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच ते नरसाळ्याने भरा, वर मार्करने मोठं 'जुनं ऑइल' लिहा, लेबल फाडून टाका म्हणजे त्या डब्यात कोणी डुप्लिकेट भरून विकणार नाही, आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असते आणि अधिकृत रिसायकलवाला तो उचलून नेते तिथे द्या, विचारलं की बहुतेक घेतात. सांडलेलं असेल त्यावर आरामशीनवरचा भुसा टाका, तासाभराने झाडून पिशवीत बांधा, पाण्याने धुवून नालीकडे ढकलू नका. फिल्टरमध्ये पण बरंच ऑइल अडकलेलं असते, तो रात्रभर घमेल्यावर उलटा ठेवून निथळू द्या आणि डब्यासोबत त्याच गॅरेजमध्ये देऊन टाका.