मँचेस्टरच्या एखाद्या जुन्या बॅरिस्टर चेंबर्सचा इतिहास कसा शोधावा

चेंबर्स म्हणजे कंपनी नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तेथील प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र व्यवसाय करतो आणि जागेचे भाडे व क्लार्कचा खर्च वाटून घेतो, त्यामुळे संस्थेचे सलग दप्तर क्वचितच हाती लागते. म्हणून पूर्वी दरवर्षी निघणारी ‘लॉ लिस्ट’ (वकिलांची नावे व पत्ते देणारी यादी) क्रमाने चाळून, एकाच पत्त्यावर कोण आले व कोण गेले याची वर्षवार नोंद करावी. सनद मात्र लंडनच्या चार ‘इन्स’पैकी (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी) एकाकडूनच मिळत असल्याने त्यांची प्रवेशपुस्तके तपासावीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1922 मध्ये बॅरिस्टरची सनद देणारी ग्रेज इन त्यांपैकीच एक.

क्लार्कची फी-वही मिळाली, तर ती सर्वांत मोलाची मानावी. तिच्यात खटल्याचे नाव, काम सोपवणारा सॉलिसिटर आणि गिनींमधली फी (एक गिनी म्हणजे 21 शिलिंग) एकाच ओळीत सापडते, आणि चेंबर्सचे पोट कोणत्या कामावर चालत होते हे त्या ओळीच सांगतात.

1972 च्या आरंभी फिरती असाइझ न्यायालये बंद होऊन क्राउन कोर्ट आले. या बदलाच्या आधीची व नंतरची चेंबर्समधील बॅरिस्टरांची नावे शेजारी ठेवून पाहावीत.